पावसाळी गटारातलं पाणी दर सरीला वेगळं का येतं? नेमकं काय काय नोंदवायचं?

ओघळ_१२ (प्रश्न)

शहरातल्या साधारण १२ हेक्टर भागाचं पावसाचं पाणी एकाच पाइपातून ओढ्याला मिळतं. या भागात घरं आहेत, एक बाजाररस्ता आहे, वर्दळीचा एक मोठा रस्ता आहे आणि थोडी मोकळी जमीन आहे. सुमारे ७० टक्के जागा छप्पर, डांबर किंवा काँक्रीटखाली गेलेली आहे. पावसाळी गटार आणि मैलावाहिनी नकाशावर वेगवेगळ्या दाखवल्या आहेत. पाइपाच्या तोंडाशी हाताने बाटल्या भरतो आणि निलंबित घनपदार्थ, सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूचं रासायनिक माप), एकूण स्फुरद (फॉस्फरस), जस्त, तांबे आणि ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) एवढं तपासून घेतो.

आकड्यांची संगती लागत नाही. कोरडे दिवस जितके जास्त तितकी पहिल्या पावसात घाण जास्त, असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात लांबलेल्या उघडिपीनंतरच्या भुरभुर पावसात घनपदार्थ कमी निघतात. उलट आदल्याच दिवशी पाऊस झालेला असताना आलेल्या जोरदार सरीत कितीतरी जास्त. जस्ताचा घनपदार्थांशी मेळच बसत नाही, भुरभुर पावसात ते वर जातं. आणि पाऊस नसतानाही पाइपातून बारीक धार चालू असते, तिच्यात ई. कोलाय भरपूर सापडतात.

या पाण्याची प्रत कोणकोणत्या गोष्टींवर ठरते, त्यांतल्या कोणत्या आधी मोजाव्यात, आणि बाटल्या भरण्यातच काही चुकत असेल तर ते कसं ओळखायचं?

गाळ_आणि_गती

कोरड्या दिवसांचा नियम अर्धाच खरा आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

रस्त्यावरचा धुळीचा साठा सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीच्या काही दिवसांत तो झपाट्याने वाढतो, मग वेग मंदावतो आणि साठा जवळजवळ एका पातळीवर थांबतो. कारण वारा आणि वाहनांचा झोत रोज नवी धूळ टाकतात, तशीच जुनी उचलून कडेच्या मातीत, गवतात फेकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी सार्टर आणि बॉइड यांनी रस्त्यांवरच्या घाणीचं मोजमाप केलं, त्याचा अहवाल १९७२ चा. त्यात हे सपाट होणं स्पष्ट दिसतं. म्हणजे २ दिवस आणि ८ दिवस यांत फरक दिसेल, १० आणि २० यांत तो शोधावा लागेल. शिवाय एका पावसाने रस्ता धुऊन निघतो हे गृहीतकही टिकत नाही. डांबराच्या खाचांत, फटींत आणि कडेच्या दगडाला चिकटून बराच साठा मागे राहतो.

तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: उचलण्याजोगं किती पडलं आहे, आणि या पावसात ते उचलण्याचं बळ आहे का? तुमच्या भुरभुर पावसात साठा भरपूर होता पण बळ नव्हतं. जोरदार सरीत आदल्या दिवशी उरलेला साठाही सुटून आला. मातीचा कण सुटतो तो थेंबाच्या माऱ्याने आणि वाहत्या पाण्याच्या घासण्याने, आणि दोन्ही पावसाच्या तीव्रतेवर चालतात, एकूण मिलिमीटरवर नाही. म्हणून दिवसाचा एकूण पाऊस लिहून भागणार नाही. ०.२ मिमीला एकदा कलंडणारा बादलीचा पर्जन्यमापक या १२ हेक्टरांच्या आतच बसवा आणि बादली कलंडल्याची प्रत्येक वेळ नोंदवा. त्यावरून दर पावसाची सर्वांत तीव्र ५ आणि १५ मिनिटं काढा. घनपदार्थ बहुधा याच आकड्याशी जुळतील.

संगणकीय प्रतिमानात धुपण्यासाठी घातांकी सूत्र वापरतात: धुऊन गेलेला वाटा = १ − ई^(−के × वाहिलेलं पाणी मिमीत). इथे 'ई' म्हणजे २.७१८ ही स्थिर संख्या आणि 'के' म्हणजे घाण किती सहज धुतली जाते ते सांगणारा आकडा. 'के' साठी जुन्या पाठांत ०.१८ प्रति मिमी ही किंमत दिसते. तिच्याने ५ मिमी पाण्यात ५९ टक्के आणि १२.७ मिमीत ९० टक्के घाण निघून जाते. ही किंमत डोळे मिटून घालू नका. तासाभरात अर्धा इंच पाणी वाहिलं तर ९० टक्के धुतलं जाईल, या गृहीतकातूनच ती काढलेली आहे. चिकटलेला साठा तिला माहीतच नाही. खऱ्या रस्त्यावर साध्या पावसात याहून बरंच कमी निघतं. स्वतःच्या नोंदींवरून 'के' बसवा, आणि पुरेशा नोंदी नसतील तर सूत्र बाजूला ठेवा.

आता तीव्रतेहूनही आधी तपासावी अशी एक गोष्ट. तुम्ही संहतींची (दर लिटर पाण्यात किती घाण, त्या आकड्यांची) साधी सरासरी काढता आहात का? समजा सारख्या अंतराने भरलेल्या तीन बाटल्यांत घनपदार्थ ६००, १५० आणि ६० मिलिग्रॅम प्रति लिटर आले आणि त्या वेळी प्रवाह १०, ८० आणि ६० लिटर प्रति सेकंद होता. साधी सरासरी २७० येते. प्रवाहाचं वजन दिलं तर (६००० + १२००० + ३६००) भागिले १५०, म्हणजे १४४. जवळपास निम्मी! एका पावसाची तुलना दुसऱ्याशी करायची ती या दुसऱ्या आकड्याने, म्हणजे एकूण वस्तुमान भागिले एकूण पाणी. प्रवाह मोजला नसेल तर तुमच्या नोंदींतला निम्मा विसंवाद नुसत्या हिशेबातला असू शकतो.

आणि पावसाचा पहिला लोंढा सर्वांत घाण असतो हे एखाद्या वाहनतळावर किंवा छपरावर छान दिसतं. १२ हेक्टरांत जवळच्या रस्त्याचा पहिला लोंढा तोंडाशी येऊन जातो तेव्हा लांबच्या टोकाचा अजून पाइपातच असतो. दोन्ही एकमेकांत मिसळून घाण कमी होत जाण्याचा उतार बोथट होतो. पडताळायचं असेल तर आडव्या अक्षावर वाहिलेल्या पाण्याचा संचयी वाटा आणि उभ्या अक्षावर वस्तुमानाचा संचयी वाटा घेऊन वक्र काढा. कर्णाच्या वर फुगलेला वक्र म्हणजे पहिला लोंढा आहे. पहिल्या ३० टक्के पाण्यात ८० टक्के वस्तुमान ही कडक कसोटी लावली तर फार थोडे पाऊस तिच्यात बसतात. साठवण टाकीचं आकारमान ठरवताना हा वक्र काढलेला नसेल तर टाकी चुकते.

जस्तपत्रा

वरचं सगळं घनपदार्थांना लागू. जस्ताचा रस्ता वेगळा आहे, म्हणून तुम्हाला मेळ दिसत नाही.

मिश्र वस्तीत जस्ताचा मोठा उगम बहुतेकदा छपरावर असतो: जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, पन्हाळी, पाइप, कुंपणाच्या जाळ्या. दुसरा उगम टायर. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड वजनाच्या साधारण १ टक्का असतं आणि ते झीज होऊन रस्त्यावर पडतं. टायरचं जस्त कणांबरोबर येतं, छपराचं मात्र बरंचसं विरघळलेल्या रूपात. भुरभुर पावसात पत्र्यावर पाण्याचा पातळ थर सावकाश सरकतो, धातूशी संपर्क जास्त वेळ राहतो आणि पातळ करायला पुढचं पाणी नसतं. म्हणून संहती वर जाते. जोरदार सरीत एकूण जस्त जास्त निघतं, पण संहती घसरते. तुमचं निरीक्षण यात नीट बसतं.

पक्कं करायला दोन गोष्टी करा. प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून जागेवरच, शक्यतो १५ मिनिटांत गाळा, मग नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. आधी आम्ल घालून नंतर गाळलं तर कणांना चिकटलेला धातू सुटून विरघळलेल्यात मोजला जातो, आणि तो आकडा निरुपयोगी ठरतो. दुसरं, एखाद्या पत्र्याच्या छपराच्या नळीखाली आणि एखाद्या काँक्रीटच्या गच्चीच्या नळीखाली एकाच पावसात बाटली भरा. फरक लगेच कळेल. पावसाचं पाणी मुळात मृदू आणि किंचित आम्लधर्मी. तेच काँक्रीटच्या गटारातून वाहत गेलं की पीएच चढतो आणि विरघळलेल्या धातूचा काही भाग पुन्हा कणांवर बसतो. म्हणून बाटलीबरोबर पीएच आणि कठीणपणा नोंदवलाच पाहिजे. माशांना होणारी इजाही विरघळलेल्या धातूवर आणि पाण्याच्या कठीणपणावर अवलंबून असते. मृदू पाण्यात तेवढंच तांबं जास्त घातक.

तांब्याचा शहरातला मोठा उगम म्हणजे ब्रेकपॅड, त्यामुळे उतार, चौक आणि सिग्नल यांच्या आसपास ते जास्त सापडतं. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेकपॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याच्या आत आणायला लावलं, ते याच कारणाने. उगमावर घाव घातला की काय होतं हे शिशाने दाखवून दिलं आहे: पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि रस्त्याच्या पाण्यातलं शिसं पाठोपाठ घसरलं. म्हणून १९८० च्या आसपासचे शिशाचे आकडे आजच्या अंदाजात कधीही वापरू नका.

टायरविषयी अजून एक. रबर टिकावं म्हणून घातलेल्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं. पावसानंतर ओढ्यांत होणारी कोहो सॅमन माशांची मरतूक त्यानेच होते हे २०२० मध्ये उघड झालं. नेहमीच्या तपासणीच्या यादीत ते नसतं. वर्दळीचा रस्ता आणि जिवंत ओढा दोन्ही असतील तर ते यादीत घालण्यासारखं आहे.

स्फुरदाचं थोडक्यात: पानगळ बघा. ओल्या रस्त्यावर पडलेली पानं चहासारखी उतरतात आणि विरघळलेलं स्फुरद सोडतात, ते कुठल्याच गाळकुंडीत (गाळ खाली बसावा म्हणून गटारात केलेल्या खड्ड्यात) थांबत नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या काळात रस्त्यावरची पानं वेळच्या वेळी उचलली तेव्हा त्या हंगामातलं एकूण स्फुरद ८४ टक्क्यांनी घटलं. घनपदार्थ आणि स्फुरद एकत्र चढत असतील तर संशय मातीवर घ्या. घनपदार्थ कमी असताना स्फुरद चढत असेल तर पानं, खत किंवा साबणाचं पाणी.

चेंबर_झाकण

पाऊस नसताना धार आणि तिच्यात ई. कोलाय, ही बाब बाकी सगळ्याच्या आधी सोडवा. हा पावसाचा प्रश्नच नाही. जोवर मैलापाणी मिसळतं आहे तोवर पावसातले सीओडी, स्फुरद आणि जंतूंचे आकडे कशामुळे आले हे सांगताच येणार नाही.

किमान ७२ तास कोरडे गेले की सकाळी घरगुती वापर जास्त असतो त्या वेळी धार तपासा. अमोनिया, पोटॅशियम, फ्लोराइड, साबणाचा अंश, तापमान आणि वाहकता एवढं पुरतं. साबणाचा अंश आढळला आणि अमोनिया भागिले पोटॅशियम १ पेक्षा जास्त असेल तर कल मैलापाण्याकडे, कमी असेल तर धुण्याभांड्यांच्या पाण्याकडे. साबण नाही पण फ्लोराइड आहे, आणि तुमच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड घातलेलं असेल, तर नळाची गळती. यांतलं काहीच नसेल तर भूजल पाइपात झिरपतं आहे. धार दिवसभर टिकत नसेल तर बिनरसायनाचा पांढरा सुती बोळा जाळीत बांधून पाइपात काही दिवस ठेवा आणि मग अतिनील दिव्याखाली बघा. कपड्यांच्या साबणातली चकाकी आणणारी द्रव्यं त्यावर चमकतात.

उगम शोधताना प्रत्येक झाकण उघडत बसू नका. मधलं चेंबर उघडा. धार तिथे असेल तर उगम त्याच्या वर, नसेल तर खाली. दर वेळी उरलेली लांबी निम्मी होते. शेवटी दोन चेंबरांच्या मधला एक तुकडा उरला की घराघरातल्या संडासात रंग सोडून पावसाळी चेंबरमध्ये बघायचं. धूर सोडण्याची पद्धतही आहे, पण ज्या घरात मोरीच्या सापळ्यातलं (वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी आटलेलं असेल तिथे धूर आत शिरतो. रहिवाशांना आधी कळवून सापळ्यांत पाणी ओतायला सांगितल्याशिवाय ती करू नका.

जोडणी सापडून बंद केल्यावरही पावसात ई. कोलाय शून्य होणार नाहीत. कुत्री, पक्षी, उंदीर यांची विष्ठा येतच राहते, आणि पाइपाच्या तळाचा गाळ व भिंतींवरचा बुळबुळीत थर यांत जंतू तग धरतात, उबदार काळात वाढतातही. जोरदार सर तो गाळ ढवळते. गाळकुंड्यांचंही तेच: उघडिपीत तळाचं पाणी कुजतं, प्राणवायू संपतो, अमोनिया आणि स्फुरद सुटतं, आणि पुढच्या पावसाचा पहिला धक्का ते सगळं बाहेर ढकलतो. घाण रस्त्यावरच साठते असं समजून मोजमाप केलं की पाइपातला हा साठा हिशेबातून सुटतो.

ओघळ_१२

छपरं आणि कोरड्या दिवसांतली धार लगेच तपासतो. दोन शंका उरल्या. रस्ते झाडण्याचा या आकड्यांवर परिणाम दिसायला हवा का? आणि स्वयंचलित नमुनायंत्र मिळणार नाही असं धरून, हाताने भरलेल्या बाटल्यांतून भरवशाचा आकडा कसा काढायचा?

गाळ_आणि_गती

झाडण्याचा परिणाम दिसायला हवा, पण झाडू कुठला यावर. नुसता फिरता ब्रश बारीक कण सोडून देतो, आणि धातू नेमके त्यांवरच असतात. सार्टर-बॉइडच्या मोजमापात ४३ मायक्रोमीटरहून बारीक कण वजनाने जेमतेम ६ टक्के होते, पण जड धातूंपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्यावर होते. झाडून रस्ता स्वच्छ दिसला आणि बारीक थर मोकळा होऊन मागे राहिला, तर पुढच्या पावसात घनपदार्थ वाढूही शकतात. हवेने ओढून घेणारं यंत्र, कोरडा रस्ता, आणि दोन पावसांमधल्या अंतरापेक्षा कमी अंतराने फेरी, अशा तिन्ही गोष्टी असतील तरच फरकाची अपेक्षा धरा. घाण बहुतांश कडेच्या दगडापासून मीटरभराच्या आत असते. तिथे गाड्या उभ्या असतील तर ती फेरी वाया गेली.

बारीक कणांचं महत्त्व गाळकुंडीतही कळतं. स्थिर पाण्यात वाळूसारख्या घनतेचा १०० मायक्रोमीटरचा कण एक मीटर खाली बसायला साधारण दोन मिनिटं घेतो, १० मायक्रोमीटरचा सुमारे तीन तास. कुंडीतून पाणी मिनिटांत निघून जातं. म्हणून कुंडी वाळू धरते, धातू फारसे धरत नाही. तीही अर्धी भरण्याच्या आत उपसली तर. त्यापुढे आलेला गाळ टिकत नाही, जोरदार सरीत बसलेलाच उचलला जातो.

बाटली_क्रमांक

हाताने भरूनही नीट जमतं, फक्त प्रवाह हवाच. पाइपाचं तोंड ओढ्याच्या पाण्यात बुडत नसेल तर पाण्याची खोली, पाइपाचा उतार आणि खडबडीतपणा यांवरून मॅनिंगच्या सूत्राने प्रवाह काढता येतो. ओढा फुगून पाणी मागे तुंबत असेल तर हे सूत्र खोटा, फुगलेला प्रवाह देतं. तिथे वेगही मोजणारा संवेदक लागतो, नाहीतर मोजण्याची जागा वरच्या चेंबरात न्या.

पाणी चढायला लागल्यापासून पहिला अर्धा तास दर ५ मिनिटांनी एक बाटली, नंतर दर १५ मिनिटांनी. प्रत्येक बाटलीवर वेळ आणि खोली. प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्या तपासणं परवडत नसेल तर प्रवाहाच्या प्रमाणात एक मिश्रण करा. वरच्या उदाहरणात १०, ८० आणि ६० लिटर प्रति सेकंद होते, म्हणजे दीड लिटरसाठी अनुक्रमे १००, ८०० आणि ६०० मिलिलिटर. बाटल्यांमधलं अंतर सारखं नसेल तर प्रवाहाला त्या अंतराने गुणून मगच वाटे पाडा. प्रत्येक बाटली जोरात हलवून, कण तळाला बसायच्या आत ओतायची. इथेच सर्वांत जास्त चुकतं. वाळू तळाला राहिली की मिश्रण स्वच्छ निघतं. प्रयोगशाळेतही तेच: मोठ्या बाटलीतून पिपेटने थोडं पाणी काढून घनपदार्थ मोजले तर जाड कण सुटतात. पाण्यात वाळू जास्त असेल तर पूर्ण बाटली गाळून वजन करण्याची पद्धत मागा, आणि दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

तेल आणि जंतू मिश्रणातून तपासू नका. तेल काचेच्या बाटलीत थेट धरायचं आणि ती बाटली पूर्ण वापरायची, कारण ते भिंतीला चिकटतं. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून ६ तासांत प्रयोगशाळेत, गोठवायची नाही. धातूंच्या बाटल्या नायट्रिक आम्लाने धुतलेल्या, आणि दर पावसाला एक बाटली शुद्ध पाण्याने भरून तशीच सगळीकडून फिरवून आणायची. तिच्यात जस्त निघालं तर हातमोजे, गाळणी किंवा नळी बदला. जस्ताच्या बादलीने पाणी काढत असाल तर आजवरचे जस्ताचे सगळे आकडे बाजूला ठेवा.

ओढ्यात किती गेलं याचा ढोबळ अंदाज असा. वाहणारा वाटा = ०.०५ + ०.००९ × अभेद्य टक्के (छप्पर, डांबर, काँक्रीटखालची जागा, तुमची ७०), तुमच्याकडे ०.६८. २५ मिमी पावसात २५ × १० × ०.६८ × १२ = २०४० घनमीटर. वरच्या उदाहरणातल्या १४४ मिलिग्रॅम प्रति लिटरने जवळपास २९४ किलो घनपदार्थ. हे गुणोत्तर वर्षाच्या सरासरीसाठी चांगलं आहे. एकट्या छोट्या पावसाला लावू नका, पहिले एक-दोन मिमी खड्ड्यांत आणि खाचांतच जिरतात.

एक शेवटचं, आकडे मांडताना लागेल. अमेरिकेच्या १९७९ ते १९८३ च्या देशव्यापी पाहणीत दिसलं की एकाच ठिकाणच्या वेगवेगळ्या पावसांची सरासरी संहती लॉगनॉर्मल वाटणीत बसते, म्हणजे आकड्यांचे लॉग घेतले की ते नेहमीच्या घंटेच्या आकारात येतात. शिवाय एकाच ठिकाणी पावसागणिक पडणारा फरक इतका मोठा असतो की निवासी की व्यापारी या पाटीवरून संहती फारशी ओळखता येत नाही. म्हणून आलेख लॉग अक्षावर काढा, मध्यक द्या, आणि तीव्रतेशी संबंध बघताना संहतीचा लॉग घ्या. पावसांची संख्या थोडी असेल तोवर भागाच्या पाट्यांवरून निष्कर्ष काढू नका. त्यापेक्षा छपरं मोजा, मोकळी माती कुठे आहे ते बघा, आणि कुठे बांधकाम चालू असेल तर त्याच्या फाटकाखालचं गटार वेगळं तपासा. उघड्या मातीचं एकच बांधकाम बाकी सगळ्या भागाच्या घनपदार्थांना झाकून टाकू शकतं.